अर्जुनाची साल विकायची की झाड वाचवायचं?

गेल्या आठवड्यात पारशिवनी तालुक्यातले एक शेतकरीभाऊ पिशवीत सालीचे चार तुकडे घेऊन आले. टेबलावर ओतले आणि म्हणाले, "साहेब, ह्यात अर्जुन कोणता ते सांगा." हृदयाच्या औषधासाठी साल पाहिजे म्हणून एक व्यापारी त्यांच्या नाल्यावर फिरतो आहे. दोन झाडं सोलूनही झाली. रामटेक आणि उमरेडकडूनही असेच प्रश्न आले, म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

चारपैकी तीन तुकडे ऐन नावाच्या झाडाचे निघाले. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोघांच्या फळांना पाच पंख, त्यामुळे फळावरून फसगत होते. साल मात्र फसवत नाही. ऐनाची काळपट, खोल चिरांची, सुसरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची राखट पांढुरकी, गुळगुळीत. तिचे पातळ पापुद्रे आपोआप सुटतात आणि आतली बाजू गुलाबीसर दिसते. देवलापारकडे अर्जुनालाच कहुआ म्हणतात. ऐनाची साल अर्जुन म्हणून दिली तर माल परत येतो, आणि घेणाऱ्याच्या पोटात भलतंच जातं. शिवाय ऐन अनुसूचित वृक्ष आहे. परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावू नका.

आता ती सोललेली झाडं. एकाची साल चारही बाजूंनी, हातभर रुंद पट्टा काढून नेली आहे. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. तो रस्ताच तुटला की मुळं उपाशी राहतात. झाड काही महिने हिरवं दिसेल, "काही झालं नाही" असं वाटेल आणि मग वाळेल. पट्ट्यात आतला थर कुठेच शिल्लक नसेल, तर पावसाच्या तोंडावर त्याखालून खोड कापा. अर्जुन बुंध्यापासून चांगला फुटतो. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. दुसऱ्या झाडाची एकच बाजू सोलली आहे. त्या जखमेवर शेण-मातीचा लेप द्या, ते सावरेल.

साल काढायचीच तर खोडाच्या घेरापैकी पाव भागातूनच, उभ्या पट्टीत काढा. आतला पातळ थर लाकडाला चिकटलेला राहू द्या, म्हणजे साल पुन्हा भरते. ती भरेपर्यंत, साधारण दोन वर्षं, खोडाच्या विरुद्ध बाजूला हात लावू नका. भर पावसात काढू नका. ओल्या जखमेत बुरशी शिरते. सालही सावलीत खडखडीत वाळवा, बुरसलेली कोणी घेत नाही.

नवीन लागवडीबद्दल सरळ सांगतो: लवकर पैसा पाहिजे असेल तर हे पीक नाही. सालीचा विचार पंधराएक वर्षांनंतर करायचा. पण नाल्याचा काठ, जिथे दोन-चार दिवस पाणी तुंबतं आणि कपाशी पिवळी पडते, तिथे हे झाड खुशाल उभं राहतं आणि काठ धरून ठेवतं. बी दोन दिवस पाण्यात भिजवून पिशव्यांत लावा. साधारण निम्मं उगवतं, त्या हिशेबाने जास्त टाका. यंदाच लावायचं तर रोपवाटिकेतून रोपं आणा आणि जुलैत पाच-सहा मीटरवर एक लावा. मधल्या वर्षांत उत्पन्न हवं असेल तर थोड्या जागेत दाट लावून झुडूप ठेवा. त्यावर टसर रेशमाच्या अळ्या पोसता येतात. रेशीम संचालनालय नागपुरातच आहे, तिथे चौकशी करा. पानांची झाडं वेगळी आणि सालीची वेगळी ठेवा.

सर्पगंधा संत्र्याच्या सावलीत लावू का, असं काटोलच्या एका ताईंनी विचारलं. नको. मुळं काढायला दीड-दोन वर्षांनी खणावं लागेल, त्यात संत्र्याची मुळं तुटतील, आणि डिंक्या रोगाला तेवढं निमित्त पुरतं. भारी काळ्या रानात सर्पगंधा पावसाळ्यात सडते. निचऱ्याची हलकी जमीन आणि गादीवाफे असतील तरच बघा. वनस्पती मोलाची आहे, ह्यात वाद नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. पण जंगलातली खणून आणू नका; तिचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे.

कुंपणाची कण्हेर आणि पिवळी बिट्टी "हृदयाला चांगली" असं कुणीतरी सांगितलंय म्हणे. त्यांत हृदयावर काम करणारी द्रव्यं आहेत, हे खरं. पण औषधाची मात्रा आणि जीव घेणारी मात्रा ह्यांत अंतर फार थोडं, आणि पानापानात प्रमाण वेगळं. घरी काढा करायचाच नाही. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नका. वाळलेली पानंही जनावराला मारतात. बिट्टीची फळं पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आणि ज्यांचे वडील दुधात अर्जुनाची साल उकळून घेतात, त्यांनी ते डॉक्टरांना सांगावं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. गोळ्या बंद करून साल सुरू करू नये. छातीत दुखलं, डाव्या हातात कळ आली, घाम फुटला, तर काढा ठेवत बसू नका. 108 ला फोन करा.

पारशिवनीच्या भाऊंनो, सोमवारी तुमच्या नाल्यावर येतो. तोवर व्यापाऱ्याला तिसऱ्या झाडाला हात लावू देऊ नका.