पैसे घेऊन काढलेल्या वास्तववादी चित्राला कला म्हणता येईल का?

तुम्हाला आजीचं तैलचित्र करून घ्यायचंय, आणि प्रश्न पडलाय की मोबाइलमध्ये इतके फोटो असताना हुबेहूब चित्राला काय अर्थ, आणि गिऱ्हाईकाच्या पैशांवर काढलेलं चित्र कला ठरतं का. मी गोव्यात फोंड्याला राहतो, व्यक्तिचित्रं काढून पोट भरतो. माझं उत्तर ठाम 'हो' आहे. फक्त पैसे कशाचे दिले जातात ते पाहायला हवं.

आधी फोटोचं. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं, कान मागे जातात, आणि हल्ली तो न विचारताच सुरकुत्या पुसून टाकतो. माणूस समोर बसला की वेगळंच दिसतं. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती आणि तांबडी माती. उन्हात अंगणाचा तो तांबूस उजेड हनुवटीखाली, गळ्यावर चढतो आणि सावलीसुद्धा ऊबदार होते. जुन्या घरांतल्या, काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेल्या खिडक्यांतून येणारा दुधाळ उजेड तर कातडीचा पोत इतक्या हळुवारपणे उलगडतो की ब्रश खाली ठेवून नुसतं पाहत बसावंसं वाटतं. माझ्यासाठी सौंदर्य ते. गोरेपणाशी त्याचा काही संबंध नाही. 'रंग जरा उजळ करा' असं सांगणारं काम मी घेत नाही. सावळ्या गालावर जांभळट, हिरवट, तांबूस अशा किती छटा असतात, त्या मारून टाकायच्या कशासाठी?

आता आश्रयदात्यांविषयी. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची चित्रं आहेत, ती एकदा सावकाश पाहा. ही मालिका 1547 च्या सुमारास जुआंव द काश्त्रो या गव्हर्नराने सुरू करवली. आधीचे बरेच गव्हर्नर तोवर वारले होते. म्हणून देखरेख गास्पार कोरैया या इतिहासकाराकडे दिली, कारण त्याने ती माणसं स्वतः पाहिली होती आणि त्याला रेखाटनही येत होतं. रंगवलं एका स्थानिक चित्रकाराने. त्याच्या हाताची तारीफ कोरैयाने लिहून ठेवली, पण नाव लिहिलं नाही! पुढे त्या चित्रांवर पुन्हा पुन्हा रंग चढवले गेले, त्यामुळे त्याचा मूळ हात आज फारसा दिसतही नाही. काम देणाऱ्याने चित्रकाराकडून नुसता दरारा मागितला की असं होतं, पोशाख आणि ढाल-तलवार उरते. तरी आठवणारा माणूस चित्रकाराशेजारी बसवण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. गेलेल्या माणसाचं चित्र आधार कार्डावरच्या फोटोवरून करायचं असेल, तर मी घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवतोच. 'हसताना डावा डोळा बारीक व्हायचा' हे फोटो सांगत नाही.

दुसरं टोक, म्हणजे दराऱ्याऐवजी माया कुठे दिसते ते पाहायचं तर पणजीत फोंतान्यश भागात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे गोव्यातल्याच सांगे गावच्या आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (1870–1935) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारा, व्यक्तिचित्रांची कामं घेणारा हा चित्रकार. त्याने आपल्या बायकोला, फ्लोराला किती मायेने रंगवलंय! त्या चित्रांपुढे मी नेहमी जास्त वेळ रेंगाळतो. पण तो हात रोजच्या कामांतच घडला, असं माझं मत आहे.

देवस्थानांचे महाजन (कारभार पाहणारे) असोत की तुमच्यासारखं घर असो, मी एवढंच मागतो: वेळ द्या. आजी आहेत, तर फोटो पाठवू नका. त्यांना सकाळी खिडकीपाशी, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवा, रोजचंच लुगडं नेसू दे, गप्पा मारायला कोणीतरी सोबत असू दे. थकल्या की थांबायचं. काम पावसाळा संपल्यावर सुरू करा, कारण दमट हवेत तेलरंग वाळता वाळत नाहीत आणि कॅनव्हासला बुरशी धरते. व्हार्निश साधारण सहा महिन्यांनी लावायचं, त्यासाठी चित्रकाराला पुन्हा बोलवावं लागेल, ते आधीच ठरवून ठेवा.