आधी एक पाऊसकाळ काढ

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पुण्यातली नोकरी सोडून गावी यायचं, जुनं घर नीट करायचं, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्या, जोडीला मधाच्या पेट्या आणि इंद्रायणी भात, असा तुझा बेत आहे. बेत मला आवडला. पण तो तू दिवाळीत आणि मे महिन्यात पाहिलेल्या गावावरून केला आहेस. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडचं आपलं गाव जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत वेगळंच असतं, आणि तिथं कोण टिकणार हे त्याच चार महिन्यांत ठरतं. म्हणून राजीनामा आत्ताच देऊ नकोस. बिनपगारी रजा मिळते का बघ आणि आधी एक पाऊसकाळ गावात काढ. तोवर कर्ज काढायचं नाही आणि साठवलेल्या पैशालाही हात लावायचा नाही.

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी असतात. त्यामुळे माणमधल्या दहिवडीच्या शेतकऱ्याचा हिशेब तुझ्या खाचराला लागू पडत नाही. मोबाइलवर दिसणारे शेतीचे बहुतेक सल्ले कमी पावसाच्या मुलखातले असतात, हे कायम लक्षात ठेव.

जूनमध्ये धरणाचं पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा पाणी ओलांडून नेणाऱ्या लाँचपर्यंत गाळ तुडवत जावं लागतं. जुलैत पाणी चढतं, पण वारा आणि धुकं एवढं की लाँच सुटेलच याचा भरवसा नसतो. वीज गेली की दुरुस्तीला माणूस पोचायलाही दिवस लागतात. म्हणून आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मेअखेर भरून ठेवायची. दोन माणसांना चार महिन्यांसाठी तांदूळ ६० किलो, नाचणी २० किलो, डाळी-कडधान्यं १५ किलो, तेल ८ लिटर, दोन सिलिंडर आणि पडवीत कोरड्या लाकडांची थप्पी. घरात रोजच्या गोळ्या घेणारं कोणी असेल तर त्यांचाही चार महिन्यांचा साठा. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला झड, म्हणजे पावसाचा आडोसा, बांधायची, कारण पाऊस तिकडूनच झोडपतो आणि मातीची भिंत तिथूनच फुगून ढासळते. कौलं चाळताना त्याखालचे रीप बोटानं दाबून बघ. भुसभुशीत लागला की बदल, ऑगस्टमध्ये वर चढता येत नाही.

दवाखान्याचं आधीच बोलून ठेव. १०८ ची गाडी अलीकडच्या काठापर्यंत येईल, पाण्यापलीकडून माणूस आणायचं काम गावाचं. लाँचवाल्यांचे नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेव. जमिनीवर झोपू नकोस. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, तेव्हा कुठं कळतं. अशा वेळी चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काहीही करायचं नाही. हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्यायचा आणि सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात निघायचं. लस कोणत्या आरोग्य केंद्रात आहे हे मेमध्येच जाऊन विचारून ये.

आता कागद. हे काम रजेत घरबसल्या होणार नाही, मेमध्येच हाती घे. सातबारा आणि आठ-अ काढ. आजोबांच्या नावावरच जमीन असेल तर आधी वारस नोंद. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. अडतं कुठं, तर वारसांच्या यादीत आत्यांची नावं गाळलेली असतात. ती गाळू नकोस, कायद्यानंही नाही आणि माणुसकीनंही नाही. सामाईक खात्यावर कर्ज किंवा अनुदान घ्यायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. एक जण नालासोपाऱ्यात, एक जण वाशीत, म्हणून गणपतीत सगळे गावी आले की एकत्र बसून विषय काढ. बरीच जमीन धरणात गेलेली आहे, तेव्हा उरलेलीचा नकाशाही भूमी अभिलेखमधून घे. कोयना अभयारण्य आणि २०१० पासूनचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प शेजारीच आहे. आपला गट त्याच्या हद्दीत किंवा लगत येतो का, हे कळल्याशिवाय पाहुण्यांच्या खोल्यांची वीटसुद्धा आणू नकोस. खोल्यांबद्दल एवढंच. ते काम तिसऱ्या वर्षाचं आहे.

भाताचं मात्र पहिल्याच पावसात शिकून घे. आपल्याकडे युरिया फोकून दिला की दुसऱ्या दिवशीच्या सरीत अर्धाअधिक वाहून जातो आणि लोक म्हणतात खतात दम नाही. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत यावर उपाय आहे. दोरीवर १५ आणि २५ सेंटीमीटर असं आलटून पालटून अंतर धरून चूड, म्हणजे रोपांचे झुबके, लावायचे, एका चुडात दोन-तीनच रोपं. १५ सेंटीमीटरच्या चौकोनात जे चार चूड येतात त्यांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटीमीटर खोल, लावणीच्याच दिवशी खोचायची. गुंठ्याला सुमारे ६३० गोळ्या लागतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत. चूक होते ती खोलीत. दुपारनंतर कंबर धरते, माणूस गोळी वरवर टेकवून पुढं सरकतो, आणि आठवड्याभरात त्या पट्ट्यातला भात पिवळा दिसायला लागतो. ओल्या हातानं गोळ्या काढल्या तर पिशवीतच लगदा होतो, म्हणून कमरेला झाकणाचा डबा बांध. पहिल्या वर्षी दोनच गुंठ्यांवर कर, शेजारच्या दोन गुंठ्यांत नेहमीची लावणी ठेव आणि झोडणीला दोन्हींचं धान्य वेगळं मोज.

मधमाश्यांवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे, आणि त्यातच नव्या माणसाचे पैसे सगळ्यात लवकर बुडतात. आपली माशी सातेरी, इथली देशी माशी. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव झालं ते सातेरीवरच. तिच्या वसाहतीला हंगामाला चार-पाच किलो मध धरून चाल. युरोपियन माशीचे वीस-वीस किलोचे आकडे ऐकून हिशेब मांडू नकोस. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घे आणि दोनच पेट्यांवर सुरुवात कर.

जांभूळ, गेळा, हिरडा फुलतो तेव्हा, मार्च ते मे, पेटी भरभरून वाहते आणि सगळं सोपं वाटतं. खरी कसोटी जुलैत. बाहेर फूल नाही, माशीला उडायला उघडीप नाही. जूनच्या सुरुवातीला वरची मधकोठी उतरवून घ्यायची. खालच्या पिलाव्याच्या घरातही माश्यांनी न झाकलेल्या चौकटी काढून ठेवायच्या, कारण रिकाम्या काळ्या पोळ्यातच मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी अळी, शिरतो. पेटीचं दार वाऱ्याच्या उलट्या अंगाला, पूर्वेकडं. पेटी पुढच्या बाजूला बोटभर कललेली, म्हणजे आत पाणी साचत नाही. पेटी ठेवायच्या घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. पण वाटीला गवताचं एक पातं जरी टेकलं तरी मुंग्यांना पूल मिळतो, तेव्हा भोवतीचं गवत दर आठवड्याला काप. साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक दर आठवड्याला पावशेर, संध्याकाळी, बाहेर एक थेंब न सांडता. सांडला की दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात.

उघडीप मिळाली की पेटीचा तळपाट, म्हणजे तळाची फळी, सरकवून बघ. बारीक काळी विष्ठा आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर मेणकिडा आत आहे. तो पट्टा कापून जाळ, तळपाट खरवडून पूस. हे आठ-दहा दिवस राहून गेलं की एका सकाळी पेटी उघडावी तर पोळी जागेवर आणि माशी एकही नाही. लोक म्हणतात माशी पळाली. उपाशी ठेवली, म्हणून गेली. मेमध्ये शेवटच्या थेंबापर्यंत मध काढणाऱ्याच्या पेट्या ऑगस्टात हमखास रिकाम्या होतात.

मध काढतानाही घाई नको. चौकटीवरचे तीन चतुर्थांश कप्पे मेणानं बंद झालेले असतील तरच ती यंत्रात घाल. कच्च्या मधात पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या वर राहतो, तो बाटलीत फसफसतो आणि तुझं पहिलंच गिऱ्हाईक तुटतं.

आणखी एक, उशिरा सांगतो म्हणून हलकं समजू नकोस. भात निसवला, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की रानडुकरं आणि गवे उतरतात. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज दे, फोटोत बांध आणि ठसे दोन्ही येऊ देत. पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नकोस. आवरलेल्या शेताची भरपाई मिळत नाही.

गावाला मुंबईचा आधार होता आणि आहे, त्यात कमीपणा नाही. पाटण-जावळीतली घरं माथाडींच्या घामावर उभी राहिली. त्या माणसांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटीलही पाटणचेच, मंद्रुळकोळ्याचे. भात, मध आणि भाजी मिळूनही पहिली दोन-तीन वर्षं घर चालणार नाही. म्हणून वर्षातले काही महिने बाहेर काम, किंवा घरातल्या एकाची पगाराची नोकरी चालू, अशी काहीतरी सोय मनाशी धरूनच ये. गाव सोडून गेलेल्यांत कष्टाला मागे सरलेले थोडे. जुलैत हातात रोकड नव्हती म्हणून गेलेले फार.

२५ मेच्या आत पोच. दोन टॉर्च, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, मच्छरदाणी आणि एक जाड वही घेऊन ये. वहीत रोज रात्री पाच गोष्टी लिही: लाँच सुटली का, वीज किती तास होती, रेंज कुठं मिळाली, कुठला बांध फुटला, किती पैसे खर्च झाले. ३० सप्टेंबरला ती वही घेऊन माझ्याकडे ये. कुठल्या पेटीला आणि कुठल्या खाचराला किती पैसा घालायचा ते तिच्यावरून ठरवू. अलीकडच्या काठावरच्या बामणोलीहून सुटणाऱ्या लाँचची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घे.

कळावे.