शेवटच्या रांगेतून दिसलेलं तुझं नाटक

अगं,

कालच्या तुमच्या एकांकिकेनंतर रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "दादा, आमचं पडलं" एवढंच. फोनच करणार होतो पण फोनवर तू नुसतं हो हो म्हणशील आणि मनात तेच घोळवत बसशील, म्हणून लिहितोय. मोठं होणार आहे, हवं तर दोनदा बसून वाच.

पहिली गोष्ट, तुझं पडलेलं नाही. हे धीर द्यायला म्हणून सांगत नाहीये, मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि जे बघितलं तेच लिहितोय. तू दिग्दर्शक, स्टेजच्या कडेला विंगेत होतीस. विंगेतून नट दिसतात पण प्रेक्षक दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात, आणि ऐकू येतं ते काय तर हशा आणि टाळी, बाकी सगळं विंगेतून नुसती शांतता वाटते आणि पोटात गोळा येतो. मागच्या रांगेतून डोकी दिसतात, खांदे दिसतात, कोण कधी मोबाईल काढतो ते दिसतं.

तर तुझ्या नाटकात धाकटी बहीण वडिलांच्या कोटाच्या खिशात हात घालते तिथलं सांगतो. तिने हात घातला आणि बाहेर काढलाच नाही, मी मनात आकडे मोजत होतो, नऊपर्यंत गेलो. माझ्यापुढे दोन रांगा सोडून एक गृहस्थ बसले होते, संध्याकाळभर त्यांचा पाय हलत होता, ती थरथर अख्ख्या रांगेच्या खुर्च्यांना लागत होती, तुमच्या आधीच्या विनोदी एकांकिकेत पोट धरून हसतानासुद्धा पाय चालूच. तो पाय थांबला. त्यांच्या शेजारच्या बाई पर्सची चेन लावत होत्या, अर्धी लावली आणि हात तिथेच राहिला. तिकीट बाहेर आलं, मोठ्या बहिणीने ते बघितलं, मग कुठे चेनचा उरलेला आवाज आला. या सगळ्या वेळात हॉलमध्ये एकही खोकला नाही.

खोकल्याकडे मी फार लक्ष देतो. कारण तो कोणी ठरवून देत नाही. घसा तर शेकडो माणसांत कोणाचा ना कोणाचा खवखवतच असतो, जीव स्टेजवर अडकलेला असेल तर माणूस खोकला दाबून धरतो, अडकलेला नसेल तर सोडून देतो, आणि एकाने सोडला की त्याच्यामागे चार जण. चांगल्या पॉजनंतर पण खोकले येतात बरं का, इतका वेळ धरून ठेवलेले, ते वेगळे. त्यांचा आवाज मोकळा असतो. कंटाळ्याचे खोकले वाक्यांच्या मध्ये येतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसाव्या अध्यायात हाच विषय आहे, प्रयोग साधला हे ओळखायचं कशावरून. तिथे सिद्धीचे दोन प्रकार सांगितलेत. मानुषी सिद्धी म्हणजे प्रेक्षकांनी स्मित करणं, हसणं, मोठ्याने हसणं, 'साधु' म्हणणं, 'अहो' म्हणणं, दुःखाच्या जागी 'कष्टम्' म्हणणं, अंगावर रोमांच येणं, जागेवरून उठणं, अगदी अंगावरची वस्त्रं काढून देणंसुद्धा. आणि दुसरी दैवी सिद्धी, तिचं लक्षण काय तर आवाज नाही, खळबळ नाही, कसला उत्पात नाही आणि रंगमंडप भरलेला. विंगेत बसून तुला जी शांतता पडल्यासारखी वाटली तिला त्या जुन्या माणसांनी दैवी म्हटलंय, हे मी कॉलेजच्या वयात वाचलं तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. हॉल मात्र तुमचा पूर्ण भरलेला नव्हता, त्याच्यावर येतो.

आता जिथे सुटलं ते. साधारण अकराव्या मिनिटाला मोठी बहीण वकिलाशी फोनवर बोलते. तिथे सहा खोकले, दोन मोबाईलचे उजेड, आणि ते पाय हलवणारे गृहस्थ पुन्हा सुरू. मला वाटतं की त्या फोनमधून जे कळतं ते आम्हाला चौथ्या मिनिटालाच कळलं होतं. पण हे माझं मत झालं, आणि कारण शोधताना कशी चूक होते त्याचा एक प्रसंग सांगतो.

आम्ही तुझ्याएवढे असताना तीन एकांकिकांची एक संध्याकाळ केली होती. दुसरी गंभीर होती, शेवटाकडे डॉक्टर बाहेर येतो आणि बातमी सांगतो. पहिल्या प्रयोगाला डॉक्टरची एंट्री झाली आणि लोक हसले. सगळ्यांचा चेहरा उतरला. आम्ही ठरवून टाकलं की वाक्यं मेलोड्रामॅटिक आहेत, लेखकाशी भांडून दोन वाक्यं कापली, एंट्री उजवीकडून डावीकडे नेली. दुसऱ्या प्रयोगाला परत हसले, तिथेच. तीन आठवडे त्या बिचाऱ्या लेखकाला आम्ही झोपू दिलं नाही. मग लाइट्सवर बसणारा आमचा एक मित्र, जो समोरून बघत असायचा, तो सहज म्हणाला की अरे त्याचे बूट बघा ना. आधीच्या एकांकिकेत तोच मुलगा चोर होता, पांढऱ्या स्पोर्ट्स शूजवर घसरून पडायचा आणि त्यावर मोठा हशा यायचा. डॉक्टर होताना त्याने कोट घातला, चष्मा लावला, भांग बदलला, बूट तेच. लोकांना स्टेजवर आलेले बूट ओळखीचे वाटले, म्हणून हसले. काळे बूट घातले आणि हशा गेला, कापलेली वाक्यं परत घातली. प्रेक्षक हसले ती जागा त्यांनी अगदी बरोबर दाखवली होती, कारण मात्र आम्ही मनाने लावलं. म्हणून तू पण तो फोन लगेच कापू नकोस. आधी एकदा तालमीत नाटक माहीत नसलेल्या तीन माणसांना बसव आणि त्यांच्या तोंडाकडे बघ. कदाचित फोन ठीक असेल आणि पाठमोरं उभं राहून बोलल्यामुळे ऐकूच येत नसेल.

बुटांवरून आठवलं, क्रम. तुमचं तिसरं होतं आणि आधीचं दुसरं म्हणजे नुसता दंगा, लोक रडेस्तोवर हसले. मध्ये ब्रेक किती होता? सेट बदलायला लागली तेवढी दोन-तीन मिनिटं, ती पण अंधारात. हसून मोकळं झालेलं शरीर लगेच गप्प बसत नाही गं, पहिल्या तीन मिनिटांत तुमच्या साध्या वाक्यांना जे बारीक हसू आलं ते दुसऱ्या नाटकाचं उरलेलं होतं. छोट्या नाटकांच्या संध्याकाळीत हे असतंच. पॅरिसमध्ये ग्राँ गिन्योल नावाचं एक छोटं थिएटर होतं, १८९७ ते १९६२ चाललं, तिथे एका रात्रीत पाच-सहा लहान नाटकं असायची आणि एक भयानक मग एक विनोदी असा क्रम मुद्दाम लावायचे, गरम पाणी मग गार पाणी तसा. त्यांनी तो धक्का वापरला. तुमच्याकडे तो कोणी विचार करूनच केला नव्हता, चार ग्रुपनी चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्या वेळी चिठ्ठ्या नको, चौघे दिग्दर्शक बसा आणि क्रम ठरवा, आणि जड नाटकाआधी प्रेक्षागृहात थोडा उजेड करून पाच मिनिटं लोकांना बोलू द्या.

लोक काय मनात घेऊन येतात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण रशियन नाटककार चेखवचं 'सीगल'. १७ ऑक्टोबर १८९६, सेंट पीटर्सबर्गचं अलेक्झांड्रिन्स्की थिएटर. ती रात्र लेव्केयेवा नावाच्या विनोदी नटीच्या सन्मानाची होती, तिचे चाहते हसायला म्हणून आलेले, आणि समोर हे नाटक, तेही मोजक्या तालमींवर उभं राहिलेलं. भलत्या ठिकाणी हसले, हुर्यो केली, चेखव थिएटरमधून निघाला आणि रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवरून फिरत राहिला. पुढचे प्रयोग त्याच थिएटरमध्ये बरेच चांगले गेले, हे सहसा कोणी सांगत नाही. मग डिसेंबर १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक केलं. त्या थिएटरचा एक संस्थापक स्तानिस्लाव्स्की त्यात होता, कारखानदाराच्या घरातला, हौशी मंडळात घडलेला माणूस, त्याच्या नटांतले काही पण त्याच हौशी मंडळातले. पहिला अंक संपला आणि हॉलमध्ये चिडीचूप. नटांना वाटलं गेलं सगळं. आणि मग टाळ्या फुटल्या. पडद्यामागे उभ्या त्या माणसांना ते मधले क्षण किती लांब वाटले असतील हे कालच्यानंतर तुला कळेल.

तुमच्याकडे टाळ्या फुटल्या नाहीत, बरोबर. तुला तेच लागलंय ना? मी सांगतो काय झालं ते. ब्लॅकआउट झाला आणि तुमच्या लाइटवाल्याने दोन सेकंदात पूर्ण उजेड केला. लोक अजून खिशातल्या तिकिटापाशी होते. नट उभे, लोक बघतायत, संपलं की पुढे आहे ते कळेना, मग डावीकडून कोणीतरी तीन टाळ्या वाजवल्या आणि एकट्याच्याच वाजतायत म्हणून थांबला. तो थांबला की संपलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आलाय. १३ ते २० जणांच्या गटांना छोटी प्रेझेंटेशन्स दाखवली आणि टाळ्यांचं शूटिंग केलं. दिसलं असं की माणूस टाळी सुरू करतो ती हॉलमध्ये किती जणांची ऐकू येतेय त्यावर, थांबवतो पण तसंच, आणि सारख्याच दर्जाच्या प्रेझेंटेशनला कधी खूप वेळ टाळ्या तर कधी पटकन संपलेल्या. तेव्हा टाळी किती वेळ चालली यावरून नाटक मोजू नकोस. अंधार पाच सेकंद ठेव. पाच म्हणजे बूथमध्ये बसलेल्याला असह्य वाटतील इतके, त्याला मोजायला सांग. आणि मग उजेड हळू.

हॉल अर्धा होता आणि माणसं विखरून बसली होती, त्याने पण फरक पडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइनने हसण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्याला दिसलं की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या साधारण ३० पट सोबतीत हसतो. शेजारी रिकाम्या खुर्च्या असल्या की प्रत्येक जण थोडा एकटाच बसलेला असतो. दारावर दोन मुलं उभी करा, लोकांना गोड बोलून पुढे आणि मध्ये बसवा. मागे एक मी असलो तर चालेल.

दाराशी लोक जे बोलले त्याबद्दल. "छान झालं" म्हणणाऱ्यांना धन्यवाद म्हण, ती माणसं आपला वेळ देऊन आली होती, तेवढं पुरेसं आहे. "काही कळलं नाही" म्हणाला त्याने तुला रात्रभर जागवलं. त्याला पुन्हा भेटलीस तर कसं वाटलं असं विचारू नकोस, त्या प्रश्नाला कोणी खरं उत्तर देत नाही. त्याला विचार की धाकटीने ते तिकीट परत खिशात का ठेवलं असं तुम्हाला वाटलं? तीन जणांनी तीन वेगळी कारणं दिली तर मजेत राहा. पण त्या दोघी बहिणी आहेत हेच कोणाला सहाव्या मिनिटापर्यंत कळलं नसेल, तर ते तुझं काम आहे, प्रेक्षकाचं नाही. (मला दुसऱ्या मिनिटाला कळलं, पण मी संहिता वाचली होती, त्यामुळे माझं धरू नकोस.)

नटांना आज काही सांगू नकोस. उद्यापण नको. विशेषतः धाकटीला तो नऊ सेकंदांचा पॉज किती भारी होता हे सांगू नकोस, सांगितलंस की पुढच्या प्रयोगाला ती पॉज करायला म्हणून थांबेल, बारा सेकंद थांबेल आणि तेरावा खोकल्याचा असेल. तिला विचार, खिशात हात होता तेव्हा बोटांना काय लागलं? ती जे सांगेल ते नुसतं ऐकून घे. हशाचंही तसंच. मोठीच्या "कुलूप तर त्यांनी स्वतःच्या तोंडालाच लावलं होतं" या वाक्याला मोठा हशा आला, आता ती पुढच्या वेळी तिथे हशाची वाट बघत उभी राहणार. आला तर घ्यायचा, हातातलं काम चालू ठेवायचं, हशा चढत असताना बोलायचं नाही, पूर्ण विझूही द्यायचा नाही, उतरायला लागला की पुढचं वाक्य. नाही आला तर थांबायचंच नाही, जणू तिथे काही अपेक्षितच नव्हतं. हे तालमीत करून घे, सांगून होत नाही.

पुढच्या प्रयोगाला तू विंगेत थांबू नकोस. स्टेज मॅनेजरवर सोड, येईल त्याला. संहितेची एक झेरॉक्स, पेन्सिल, आणि शेवटची रांग. खोकला आला की खो, हसले की ह, मोबाईल दिसला की मो, आणि जिथे सगळी डोकी स्थिर झाली तिथे समासात नुसती उभी रेघ. मत लिहायचं नाही, फक्त खुणा. माझी कालची प्रत अशी भरलेली आहे, कोटाच्या पानावर रेघ वरपासून खालपर्यंत आहे आणि फोनच्या पानावर खो खो खो. ती तुला देतो पण आत्ता नाही, तुझी तू केलीस की मग दोन्ही शेजारी ठेवून बसू.

तारीख ठरली की कळव. आणि आज झोप काढ.

तुझा
दादा