शब्दशंका: ‘पोस्टपोन’ आणि तारखेचे पुढेमागे

प्रश्न: मुलाखतीची तारीख ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाल्याचे इंग्रजी पत्र मला आले. मुलाखत पुढे गेली असे समजून मी निर्धास्त राहिलो आणि ती हुकली. मग ‘पोस्टपोन’ नेमके कधी म्हणायचे? ‘डिले’ त्याहून वेगळे आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: आपला गैरसमज मराठी भाषकाला सहज होण्यासारखा आहे. आपल्याकडे ‘पुढची तारीख’ म्हणजे नंतरची तारीख, त्यामुळे ‘फॉरवर्ड’ वाचताच मनात ‘पुढे ढकलली’ असाच अर्थ उमटतो. पण इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे. याच अर्थाने आपण भारतात ‘प्रीपोन’ म्हणतो. तो शब्द सोयीचा आहे आणि त्याला अशुद्ध म्हणणे मला पटत नाही, मात्र भारताबाहेरच्या अनेकांना तो अपरिचित असतो. ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर त्याहून फसवे आहे: बुधवारची बैठक दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ झाली, असे सांगितले तर खुद्द इंग्रजी भाषकांपैकी काही जण सोमवार समजतात, काही शुक्रवार. म्हणून अशा पत्रात नवा वार आणि तारीख लिहिलेली असलीच पाहिजे, आणि नसेल तर ती विचारून घ्यावी.

‘पोस्टपोन’चे मूळ लॅटिनमध्ये आहे, ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्यात कोणाचा तरी निर्णय असतो. 2020 चे टोकियो ऑलिंपिक करोनाच्या साथीमुळे ‘पोस्टपोन’ करण्यात आले आणि 23 जुलै 2021 रोजी त्याचे उद्घाटन झाले. याउलट धुक्यामुळे गाडीला दोन तास उशीर झाला, तर ती ‘डिलेड’ असते. तिथे ‘पोस्टपोन्ड’ चालणार नाही. हा भेद मराठीने एकाच शब्दाभोवती फार सुंदर सांभाळला आहे: परीक्षा लांबणीवर ‘टाकली’ म्हणजे कोणीतरी तसे ठरवले, आणि लांबणीवर ‘पडली’ म्हणजे ती रखडली. अर्थात ‘डिले’ हे सकर्मकही वापरतात, तेव्हा त्यात मुद्दाम विलंब करण्याचा अर्थ येऊ शकतो. सुरू झालेली सभा थांबवली तर मात्र ‘अ‍ॅडजर्न’, म्हणजे आपले ‘तहकूब’.

वाक्यरचनेतली एक चूक वारंवार दिसते. ‘पोस्टपोन’नंतर दुसरे क्रियापद आले, तर ते ‘-इंग’ रूपात येते. ‘वी पोस्टपोन्ड गोइंग’ बरोबर, ‘वी पोस्टपोन्ड टू गो’ चूक. नव्या तारखेआधी ‘टू’ किंवा ‘अंटिल’, दोन्ही चालतात.