भरमार बंदुकीची नळी आतून चकचकीत करावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की आजोबांची पीक राखणीची भरमार, म्हणजे तोंडाकडून बारूद भरायची बंदूक, आहे, नळीत काळा थर अन् गंज दिसतो, तर पॉलिश पेपर फिरवून आतून चमकवू का? नका. परवाना आता तुमच्या नावावर झाला आहे असं धरून सांगतो.

आधी ती भरलेली नाही ना, ते बघा. टोपी, म्हणजे घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी छोटी वाटी, काढा, तोंड मोकळ्या दिशेला धरा. गज, म्हणजे बार ठासायचा लांब दांडा, आत सोडून त्यावर तोंडाशी खूण करा अन् तोच गज, खूण तोंडाशी ठेवून, बाहेरून नळीला लावा. टोक टोपी बसते तिथपर्यंत गेलं तर नळी रिकामी. चार बोटं आधीच थांबलं तर आत बार, म्हणजे भरलेला दारूगोळा, आहे. मग हात लावू नका, बंदूक तिथेच ठेवून परवानाधारक कारागिराला बोलवा.

काळी बारूद म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. जळाल्यावर तिचे क्षार नळीला धरतात अन् हवेतली ओल ओढतात, म्हणून पावसाळ्यात नळी लवकर लाल पडते. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. आमचे मामाजी दर दिवाळीला नळीत जवसाचं तेल ओतायचे. जवस वाळलं की वार्निशासारखं घट्ट होतं, खाली काजळी तशीच. एकदा माझी चिंधी गजासकट अशी अडकली की दोन संध्याकाळी गेल्या! जवस दस्त्याच्या लाकडाला द्या, तिथे ते शोभतं.

नळी सुटी होत असेल तर मागचं टोक साबणाच्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवा अन् गजाला घट्ट चिंधी बांधून फवारणी पंपासारखा दांडा वरखाली करा. काळं पाणी निघेल, सडक्या अंड्याचा वास येईल. येऊ द्या. पाणी निवळेपर्यंत बदला, मग साध्या गरम पाण्याने धुऊन लगेच कोरड्या चिंध्या फिरवा. उरलेल्या गंजाला शिलाई मशीनचं तेल अन् पितळी ब्रश पुरे. खड्डे राहतील, राहू द्या. ते घासून काढायचे तर जुन्या नळीचं लोखंडच पातळ होतं.

शेवटी तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी घाला. तांबूस निघाली तर पुन्हा पाणी. ठेवताना तोंड खाली, म्हणजे तेल टोपीच्या भोकात उतरत नाही.