कॅल्क्युलेटरने आईला चार टक्के दिले, आता ऑपरेशन करायचं की नाही?

मणक्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातलं कुणीतरी रात्री मोबाईलवर रिस्क कॅल्क्युलेटर (पेशंटची माहिती भरली की ऑपरेशननंतर कुठला त्रास किती टक्के संभवतो ते सांगणारं) उघडतंच आणि मग स्क्रीनशॉट घेऊन माझ्यासमोर येऊन बसतं. पेशंट वयस्कर, अंगात ताकद नाही, डायबेटीस आहे, त्यात मणक्यात स्क्रू आणि रॉड टाकायचेत, तर इन्फेक्शन होणारच का, एवढाच प्रश्न असतो. यावर मी नेहमी काय सांगते ते एका केसवरून सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आजी अठ्ठ्याहत्तरच्या. कमरेच्या मणक्यात नस दबलेली, चार पावलं चाललं की पाय जड, मग बसावं लागायचं. मुलगा हिशोबात पक्का, त्याने अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचं ऑनलाइन कॅल्क्युलेटर भरलं होतं, जखमेच्या इन्फेक्शनपुढे साधारण ४ टक्के आलं आणि बाजूला लिहिलेलं, सरासरीपेक्षा जास्त. खरं सांगू का, त्या चारला तो घाबरलाच नव्हता, घाबरला होता तो "सरासरीपेक्षा जास्त" या शब्दांना. मी म्हटलं दादा, आईसारखे शंभर पेशंट धरले तर चौघांना होईल आणि शहाण्णव जणांना नाही, आणि तुमची आई त्यातली कुठली हे कॅल्क्युलेटरला माहीत नाही, सर्जनला नाही आणि मलाही नाही. तो म्हणाला, मग उपयोग काय त्याचा?

उपयोग आहे, पण तो आकड्यात कमी आणि आकडा कशातून आला त्यात जास्त. नुसतं वय मोठं असणं आणि शरीर खचलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डॉक्टर दुसरीला फ्रेल्टी म्हणतात. ती मोजायच्या बऱ्याच पद्धती आहेत, मणक्याच्या सर्जरीत खूप वापरली जाते त्या छोट्या इंडेक्समध्ये फक्त पाच गोष्टी बघतात: डायबेटीस, गोळ्या लागणारं ब्लड प्रेशर, फुफ्फुसाचा जुना आजार, हार्ट फेल्युअर आणि रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का. पाचात वय कुठेच नाही बघा. पण यातलं काहीच महिन्या-दोन महिन्यांत पुसून टाकता येत नाही, म्हणून लोकांना वाटतं आपल्या हातात काही नाही.

आजींच्या फाइलमध्ये मला दोन आकडे दिसले जे मुलाने बघितलेच नव्हते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.९, म्हणजे जास्त, आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) ३.०, म्हणजे कमी. अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली असेल तर जखम भरायला त्रास आणि इन्फेक्शनची शक्यता वाढते, मणक्याच्या पेशंटमध्ये हे बऱ्याचदा दिसलंय (अर्थात अल्ब्युमिन अंगात सूज असली तरी उतरतं, त्यामुळे तो नुसताच खाण्यापिण्याचा आरसा नाही). सून हळूच म्हणाली की आई हल्ली अर्धंच जेवतात आणि कपडे सैल झालेत. या एका वाक्याला मी स्क्रीनशॉटपेक्षा जास्त किंमत देते.

लघवी-संडासवरचा ताबा शाबूत होता, पायातली ताकद उतरत नव्हती, म्हणजे घाई नव्हती. सर्जननी तारीख दोन महिने पुढे ढकलली. प्रोटीन वाढवलं, शुगरची औषधं बदलली, फिजिओने बसून-उठून करायचे व्यायाम दिले. ताबा गेला असता तर असं थांबताच आलं नसतं, हे मी प्रत्येक घराला सांगते कारण कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने तारीख पुढे नेऊ नये.

दोन महिन्यांनी एचबीए१सी ७.५, अल्ब्युमिन ३.६. आणि मुलगा चिडलेला! त्याने सगळं परत भरलं तर उत्तर तेच, ४ टक्के. म्हणे दोन महिने फुकट गेले.

अहो, ते कॅल्क्युलेटर डायबेटीसबद्दल एवढंच विचारतं: आहे का, असेल तर गोळ्यांवर की इन्सुलिनवर. शुगर किती कंट्रोलमध्ये आहे ते विचारत नाही, अल्ब्युमिनचा तर रकानाच नाही. सिगरेटचंही तसंच, वर्षभरात ओढली का एवढाच प्रश्न, म्हणजे ऑपरेशनच्या महिनाभर आधी सोडली, ज्याचा जखमेला खरंच फायदा होतो, तरी तिथे उत्तर "हो"च. जे विचारलंच नाही ते सुधारलं तर आकडा हलणार कुठून? आणि ते फक्त पहिल्या ३० दिवसांचं सांगतं, स्क्रू-रॉड टाकलेल्या मणक्यात खोलवरच्या इन्फेक्शनवर ९० दिवस लक्ष ठेवतात.

ऑपरेशनआधी नाकाचा स्वॅब, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंघोळ, कापायच्या आधीच्या तासाभरात अँटिबायोटिक, हे सगळं नेहमीप्रमाणे झालं. घरी जाताना मी सुनेला सांगितलं की तापाची वाट बघू नका, म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन असूनही ताप येत नाही कधीकधी. जखमेतून पाणी येणं, कमी झालेली कंबरदुखी परत वाढणं, अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, यातलं काहीही झालं तर लगेच फोन.

आठवड्याभरात फोन आलाच. आजी संध्याकाळपासून मुलाला ओळखत नव्हत्या, ताप नाही, जखम कोरडी. लघवीचं इन्फेक्शन निघालं, बहुतेक लघवीच्या नळीमुळे (कॅथेटर), लवकर कळलं म्हणून औषधांवर आटोक्यात आलं. जखमेच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या घरात लघवीचा विचार कुणी केलाच नव्हता, खरं तर त्याच स्क्रीनवर खाली लघवीच्या आणि छातीच्या इन्फेक्शनचेही आकडे असतात, फ्रेल पेशंटसाठी तेही तितकेच वाचावेत.

तीन महिन्यांच्या तपासणीला जखम छान भरलेली, आजी वॉकर घेऊन स्वतः आत आल्या. मुलाने विचारलं, मग कॅल्क्युलेटर बरोबर होतं की चूक? मी म्हटलं एका पेशंटवरून ते ठरतच नाही, इन्फेक्शन झालं असतं तरी ठरलं नसतं, त्यासाठी अशा हजारो जणांचं काय झालं ते बघावं लागतं. त्याला काही ते पटलं नाही. आजींना मात्र दुसरा गुडघा कधी करायचा हे विचारायचं होतं, त्यावर मी त्यांना आधी परत एचबीए१सी करायला पाठवलं.