खलाशांचा सज्जा

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडमधल्या बर्न्टआयलंडच्या पॅरिश चर्चविषयी मराठीत लिहिताना ‘सेलर्स लॉफ्ट’ला ‘खलाशांचा पोटमाळा’ म्हणावे, की ‘लॉफ्ट’ तसाच ठेवावा?

दोन्ही नको, सरळ ‘सज्जा’ म्हणा. पोटमाळा म्हटले की छपराखालची अडगळ डोळ्यांपुढे येते. ‘लॉफ्ट’ची अडचण तर त्याहून मोठी. तो शब्द आपण फ्लॅटमधल्या छताजवळच्या कप्प्यासाठी कधीच घेऊन टाकला आहे. गणपतीचे मखर आणि जुनी पातेली तिथे चढतात. स्कॉट लोकांच्या बोलीत मात्र चर्चमधला लॉफ्ट म्हणजे भिंतीलगतचा, पुढून उघडा, कठड्याचा वरचा मजला. तिथे बसून प्रवचन ऐकायचे. आपल्या सज्ज्यात नेमके हेच आहे: उंची, कठडा आणि खाली पाहणारी माणसे.

बर्न्टआयलंडला हे फार सुरेख दिसते. फाइफच्या किनाऱ्यावरचे हे बंदराचे गाव. 1560 च्या धर्मसुधारणेनंतर उपासनेत प्रवचनाला मान आला, म्हणून 1592 मध्ये सुरू झालेले हे चर्च लांबट न बांधता चौरस बांधले. मधोमध चार भक्कम खांब, त्यांवर कमानी आणि वर मनोरा. सारी आसने मध्याकडे तोंड करून. भिंतींलगतचे सज्जे गावातल्या कारागिरांच्या संघांनी वाटून घेतलेले, आणि कोणता सज्जा कोणाचा हे कठड्याच्या रंगवलेल्या फळ्यांवरून ओळखायचे. खलाशांच्या फळ्यांवर अर्थातच जहाजे आहेत. त्यांच्या सज्ज्याला बाहेरून दगडी जिना आहे. वरच्या दारावर नांगर आणि 1679 साल कोरलेले आहे. भरती साधायला मध्येच उठावे लागले तर प्रवचनात व्यत्यय नको, म्हणून ही सोय, असे सांगतात. ‘पोटमाळा’ लिहिले की या माणसांचा गावातला मानच पुसला जातो. त्यांना अडगळीत नाही, हक्काच्या जागेवर बसवले होते. खालचे कोरीव छत्रीचे लाकडी आसन 1606 चे, रॉबर्ट मेलव्हिल या सरदाराचे. त्याला ‘मानाचे आसन’ शोभेल.

‘लेअर्ड्स लॉफ्ट’लाही हाच न्याय. लेअर्ड म्हणजे लॉर्ड नव्हे, जमीनदार. तेव्हा ‘जमीनदाराचा सज्जा’. अ‍ॅबरकॉर्नच्या चर्चमधला होपटाउन घराण्याचा सज्जा (1708 च्या सुमाराचा, वास्तुकार विल्यम ब्रूस) तर कुलचिन्हाने सजलेला आहे आणि मागे विश्रांतीची खोलीही आहे. आपल्याला 1942 मुळे माहीत असलेले व्हाइसरॉय लिनलिथगो याच घराण्यातले.

याच लेखनात ‘आइल’ हा शब्दही तुम्हाला भेटेल, तिथे सावध राहा. शब्दकोश ‘बाकांमधली वाट’ सांगेल. स्कॉटलंडमध्ये तो बहुधा चर्चला काटकोनात जोडलेला दगडी भाग असतो. चर्चच्या आत दफन करायला धर्मसभेने मनाई केल्यावर अनेक जमीनदारांनी असे भाग बांधून खाली आपली थडगी आणि वर आपला सज्जा अशी व्यवस्था केली. किलबर्नीच्या जुन्या चर्चमधल्या 1642 च्या ‘क्रॉफर्ड आइल’ला ‘क्रॉफर्ड वाट’ म्हणून चालणारच नाही. मी ‘क्रॉफर्ड दालन’ लिहीन.